काचेतला समुद्र आणि चाळीस दिवस

गेल्या वर्षी मोतमावलीच्या जत्रेच्या सुमारास आमच्या घरी मृत्यूंची रांग लागली. अकरा दिवसांत पाच जीव गेले. हे जीव माशांचे होते, हे लगेच सांगून टाकलेले बरे; नाही तर वाचक आधी हळहळतील आणि मागाहून आमच्यावर रागावतील.

ज्या घरात शुक्रवारी बोंबील तळले जातात, पापलेटचा कल्ला उचलून त्याची लाली पाहिल्याशिवाय ज्या घरातले माणूस कोळणीशी भाव ठरवीत नाही, त्या घराने पाच माशांपायी अन्न गोड लागू नये इतके खंतावावे, यात विसंगती आहे. ती आम्हाला मान्य आहे आणि तिच्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत. पण त्या अकरा दिवसांनी एक प्रश्न आमच्या दारात आणून बसवला आणि तो अजून उठून गेलेला नाही. आपण जिला दया म्हणतो ती खरोखर कोणाची सोय पाहत असते?

आधी हकिकत सांगितली पाहिजे. निवृत्तीनंतर आम्ही बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक टाकी मांडली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी सुमारे अडीचशे लिटर. वसईत राहणाऱ्या माणसाने समुद्र विकत आणावा हे कोणालाही हास्यास्पद वाटेल. किनारा आमच्या घरापासून सायकलने पंधरा मिनिटांवर आहे. परंतु हे पाणी खाडीच्या गाळाने गढूळलेले असते, पावसाळ्यात त्याचा खारटपणा उतरतो आणि वाढत्या वस्तीचे सांडपाणीही त्यात येऊन मिळते. प्रवाळांच्या रांगांत राहणाऱ्या माशांना ते मानवणारे नव्हे. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यात विकतचे समुद्री मीठ कालवायचे, त्याची विशिष्ट घनता १.०२५ पर्यंत आणायची, उष्णता २६-२७ अंशांवर राखायची आणि सच्छिद्र दगडांत उपकारक जिवाणूंची वस्ती होईपर्यंत महिना-दीड महिना रिकाम्या पाण्याकडे बघत बसायचे. एवढे केल्यावर त्या पाण्याला समुद्र म्हणण्याची परवानगी मिळते. आमच्या समुद्रात दोन क्लाउनफिश होते, दोन हिरवट क्रोमिस, वाळूत बीळ करून राहणारा एक गोबी आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी.

पाचूबंदरचे एक वयोवृद्ध कोळी काका एकदा घरी आले होते. उभे आयुष्य त्यांनी होडीवर काढलेले. टाकीपुढे ते बराच वेळ हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"ह्याला भरती-ओहोटी नाय?" त्यांनी विचारले.

"पंप आहे, काका. पाणी सारखे फिरत असते."

"फिरतं म्हणजे तेच पाणी परत येतं ना?"

आम्ही हसून विषय बदलला. त्यांचा प्रश्न आम्हाला तेव्हा भाबडा वाटला होता.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही एक नवा मासा आणला. पावडर ब्लू टँग या नावाने तो बाजारात ओळखला जातो. आपल्याच हिंदी महासागराचा हा रहिवासी: आभाळी निळे अंग, काळे तोंड, पाठीवर हळदीसारखे पिवळे पर. चार फुटांची टाकी त्याला अपुरी पडते हे आम्ही वाचलेले होते. तरी तो आणला, ही आमची पहिली चूक. दुकानदाराने मात्र आम्हाला फसवले नाही. "या जातीला रोग लवकर लागतो. चार आठवडे वेगळा ठेवा, मगच आत सोडा," असे त्याने निक्षून बजावले होते. वेगळे ठेवण्याची व्यवस्थाही आमच्याकडे होती. मागच्या पडवीत साठ लिटरची एक उघडीबोडकी टाकी होती. तिच्यात वाळू नाही, दगड नाहीत, लपण्यापुरते प्लास्टिकच्या नळाचे दोन तुकडे तळाशी ठेवलेले. ती अशी ओकीबोकी ठेवण्यालाही कारण असते. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ते कारण दिसत नाही, ओकेपणा तेवढा दिसतो.

मासा त्या टाकीत दोन दिवस काचेवर तोंड घासत राहिला. खाण्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. तिसऱ्या रात्री पावसाने वीज गेली. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप एकच होता आणि तो मोठ्या टाकीला लावलेला होता. पडवीतल्या थोड्या पाण्यात तो मासा गुदमरेल या भीतीने आम्ही त्याला विजेरीच्या उजेडात जाळीने उचलले आणि मोठ्या टाकीत सोडले. तात्पुरते, असे स्वतःला बजावून सोडले. सकाळी पाहतो तो हा पठ्ठ्या दगडांवरचे शेवाळ मजेत खुडतो आहे. त्याला पुन्हा त्या उजाड पेटीत टाकण्याचे आमच्याने झाले नाही. घरातली सर्व मंडळी म्हणाली, "बिचारा किती खूश आहे, राहू द्या." आम्हीही राहू दिले. त्या दिवशी आम्हाला स्वतःविषयी फार बरे वाटले होते, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

आठवड्याने त्याच्या कल्ल्यामागच्या परावर पाच-सहा पांढरे ठिपके दिसले. रव्याचे कण चिकटावेत तसे. दोन दिवसांनी ते आपोआप नाहीसे झाले आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर पाचव्या सकाळी मात्र तो जणू रव्यात घोळून काढलेला होता. हिरव्या क्रोमिसांचा श्वास जोरजोरात चालू होता. गोबी बिळाबाहेर येऊन वाळूवर अंग घासत होता. पुढचे सारे लवकर झाले. आधी क्रोमिस गेले, मग गोबी, मग क्लाउनफिशपैकी थोरली मादी. निळा मासा सर्वांत शेवटी गेला. अखेरच्या संध्याकाळी तो कुशीवर पडून राहिला होता. अशा वेळी लवंगेच्या तेलाने माशाला आधी गुंगी आणून मग शांतपणे मरू द्यावे, असे जाणकार सांगतात. तेलाची बाटली घरात होती, दाढदुखीसाठी आणलेली. ती हातात घेऊन आम्ही बराच वेळ उभे राहिलो आणि पुन्हा फळीवर ठेवून दिली. त्याला मरायला पहाट झाली. आमच्या हाताने झाले नाही म्हणून आम्ही निर्दोष, असा हिशेब मनाने त्या रात्री केला असावा. वाढलेले तास मात्र त्या माशाच्या खाती पडले.

या रोगाचे कारण एकपेशीय परजीवी आहे. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे त्याचे शास्त्रीय नाव १९५१ साली ब्राउन या संशोधकाच्या लेखाने रूढ झाले. योगायोग असा की आपले मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालयही त्याच साली सुरू झाले होते. नावाचा अर्थ लावायचा तर लपलेले केंद्रक असलेला, चुरचुर लावणारा जीव. हौशी लोक त्याला 'व्हाइट स्पॉट' किंवा 'मरीन इच' म्हणतात. त्याचा जीवनक्रम ऐकला म्हणजे, आपल्या घरातला संहारक असूनही, त्याच्या व्यवस्थेपुढे मान तुकवावीशी वाटते.

तो माशाच्या कातडीत, वरच्या थराखाली, स्वतःला पुरून घेतो आणि तीन ते सात दिवस माशावर पोसतो. बाहेरून आपल्याला दिसतो तो पांढरा ठिपका हाच. पोट भरले की तो मासा सोडतो आणि तळाशी उतरतो. आम्ही ज्या दोन दिवसांत निःश्वास टाकला ते हे दिवस होते. रोग गेलेला नव्हता, वाढण्यासाठी खाली उतरला होता. वाळूवर, दगडावर, काचेवर चिकटून तो स्वतःभोवती कठीण कोष विणतो आणि आत एकाचे दोन, दोनाचे चार असा विभागत शेकडो पिल्लांचा होतो. बहुतेक कोष ३ ते २८ दिवसांत फुटतात. काही रेंगाळतात, आणि ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. कोषातून निघालेल्या पिल्लाला माशाचे अंग गाठण्यासाठी एक-दोन दिवस मिळतात, आणि पहिले काही तास उलटले की त्याची शिरकाव करण्याची शक्ती झपाट्याने ओसरते. म्हणून ही पिल्ले बाहेर पडतात ती बहुधा अंधारात, पहाटेच्या आधी, मासे तळाशी निजलेले असताना. मासा गवसला तर वंश चालला. न गवसला तर उपासमारीने अंत.

आता दोष कोणाचा? परजीवीला दोष देता येत नाही. त्याला दुसरे काही करण्याची मुभाच नाही. निवड करतो तोच दोषी होऊ शकतो. दुकानदाराने तर सावध केले होते. नवा मासा रोग घेऊन आला खरा, पण येताना तो निरोगी दिसत होता आणि कदाचित एका अर्थाने होताही. या रोगातून वाचलेल्या माशात काही महिने टिकणारी प्रतिकारशक्ती येते, असे प्रयोगांत आढळले आहे. अशा माशाच्या अंगावर चार-दोन परजीवी कल्ल्यांच्या आत, कोणाला न दिसता, नांदत असू शकतात. त्याला त्याचा फारसा उपद्रव नसतो.

आणि इथे काकांचा तो प्रश्न आमच्याकडे परत आला. समुद्रात हाच परजीवी आहे, हेच मासे आहेत. तरी प्रवाळांच्या रांगांत त्याने मेलेल्या माशांचा खच पडत नाही. तिथे तळाशी पडलेला कोष फुटेपर्यंत मासा कुठच्या कुठे गेलेला असतो. शेकडो पिल्ले निघतात आणि जवळजवळ सगळीच उपाशी मरतात, कारण पाणी त्यांना दूर नेते. दोन-चार ठिपके अंगावर वागवीत मासा आयुष्य काढतो. समुद्राची विशालता हाच तिथला वैद्य. आमच्या अडीचशे लिटरांत मात्र प्रत्येक पिल्लाला मासा हाकेच्या अंतरावर, आणि माशाला पळायला जागा नाही. फिरणारे पाणी तेच, परत येणारे पाणी तेच. साथ त्या माशाने आणली नाही आणि परजीवीनेही आणली नाही. ती आमच्या चार काचांनी घडवली. भरती-ओहोटी जे काम रोज दोनदा, फुकट आणि न सांगता करीत होती, ते काम आम्ही भिंती उभारून काढून घेतले. आणि काढून घेतलेले काम आता आपल्याला करायचे आहे, हे मात्र आमच्या ध्यानात राहिले नाही.

भिंत बांधण्याचा अर्थ हाच असावा. आपण जिवाला आत घेतो तेव्हा त्याच्यासाठी बाहेरचे जग जे जे करीत होते ते सारे आपल्या शिरावर येते. आपल्याला आवडेल तेवढेच येत नाही. सुंदर दगड मांडणे आले, तसे ओक्याबोक्या पेटीकडे चार आठवडे रोज बघणेही आले.

वाचलेल्या एकुलत्या एका क्लाउनफिशवर आम्ही उपचार केले, त्यांविषयी थोडे सांगतो. या रोगावर सर्वांत जुने खात्रीचे औषध म्हणजे तांबे. मोरचूद आमच्या वसईच्या वाडीवाल्यांना नवे नाही. पानवेलींवर आणि बागायतीवर चुना-मोरचुदाचे मिश्रण फवारणारे हात आमच्या पिढीने पाहिलेले आहेत. माशासाठी त्याची मात्रा मात्र सोनाराच्या काट्यावरची: एका लिटरला सुमारे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे, आणि तेही तीन-चार आठवडे अखंड. त्याहून कमी झाले तर परजीवी तगतो, जास्त झाले तर मासाच जातो. हे तांबे मोठ्या टाकीत ओतता येत नाही. तिथले चुनखडीचे दगड आणि वाळू ते शोषून घेतात, आणि कोळंबी, शंख, प्रवाळ या कणाहीन जिवांना ते विषच असते. उपचाराची टाकी उघडीबोडकी ठेवतात ती एवढ्यासाठी. तो ओकेपणा म्हणजे क्रूरता नसून औषधाला वाट मोकळी ठेवणे असते, हे आम्हाला पाच मासे गेल्यावर कळले.

औषधाशिवायचाही एक मार्ग आहे आणि तो आम्हाला अधिक भावला. परजीवी माशावर फार तर सात दिवस राहतो आणि तळाशी पडलेला कोष तीन दिवसांच्या आत सहसा फुटत नाही. म्हणून दर तिसऱ्या दिवशी, बहात्तर तास उलटण्याच्या आत, माशाला नव्या, धुऊन पूर्ण सुकवलेल्या टाकीत हलवायचे. असे चार वेळा, बारा दिवसांत. मासा दर वेळी आपला भूतकाळ मागच्या पाण्यात टाकून पुढे जातो. अर्थात ही युक्ती याच रोगापुरती. अमायलूडिनियम नावाचा दुसरा एक परजीवी आहे, ज्याला हौशी लोक मखमल रोग म्हणतात, तो अधिक वेगाने मारतो आणि या युक्तीला दाद देत नाही. पाण्याचा खारटपणा निम्म्याच्या खाली, १.००९ घनतेपर्यंत, उतरवून तो कित्येक आठवडे तसाच ठेवण्याची रीतही आहे; माशांना ती सोसते, कोळंब्यांना नाही. याउलट लसूण खाऊ घाला, पाणी गरम करा, अमुक बाटलीतले चार थेंब सरळ मोठ्या टाकीत टाका, कोणाला काही होणार नाही, असे सल्ले आम्हाला ढिगाने मिळाले. त्यांत एक साम्य होते. सगळे आम्हाला कष्टांतून सोडवणारे होते.

मासा बाहेर काढल्यावर मोठ्या टाकीचे काय? तिला काहीच करायचे नाही. दिवे चालू, पंप चालू, कोळंबीला खाणे चालू. फक्त मासा ठेवायचा नाही. तळाशी वाट पाहणारे कोष एकेक फुटत जातात, पिल्ले अंधारात निघतात, शोधतात आणि संपतात. बहात्तर दिवसांची नोंद ध्यानात घेऊन बहुतेक जाणकार शहात्तर दिवस मोजतात. शत्रू मारण्याची ही रीत विलक्षण आहे. इथे आघात नाही, आहे ती केवळ अनुपस्थिती. तो परजीवीही एक जीवच आहे आणि आपण त्याला उपाशी मारीत आहोत, ही बोच आम्हाला एक-दोनदा लागली. ती फार काळ टिकली नाही, हेही खरे.

नवागताला वेगळे ठेवण्याची ही प्रथा माणसांत जुनी आहे. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागुसा बंदराने, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकने, १३७७ साली प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा कायदा केला. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि चाळिसासाठी असलेल्या इटालियन शब्दावरून क्वारंटाइन हा शब्द जगभर गेला. व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी कायमचे रुग्णालय उभारले. चाळीस हा आकडा ज्यांना उपवासकाळामुळे परिचित आहे त्यांना या मुदतीत केवळ आरोग्यखात्याची गणना दिसणार नाही.

पण आम्हा मराठी माणसांच्या स्मरणात विलगीकरणाची दुसरीही एक प्रतिमा आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग असताना सैनिकांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या, माणसांना छावण्यांत नेले, आणि त्या संतापातून २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी, त्याच साथीत, १० मार्चला सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता प्लेगनेच गेल्या. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांसाठी जी सोय केली होती तीही वस्तीपासून दूर, मोकळ्या रानातच होती. दोन्हीकडे रुग्ण गावाबाहेरच. फरक अंतराचा नव्हता. एका ठिकाणी माणसाला दूर नेऊन ठेवले होते. दुसऱ्या ठिकाणी दूर नेऊन त्याच्यापाशी कोणीतरी बसले होते. २०२० साली आपण सर्वांनीच बंद दाराच्या दोन्ही बाजू पाहिल्या, तेव्हा याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

या विचाराच्या उजेडात आम्ही त्या पावसाच्या रात्रीकडे पुन्हा पाहिले. वीज गेली, पंप एकच, मासा गुदमरण्याची भीती: हे सारे खरे होते. पण मासा उचलण्याऐवजी पंप उचलता आला असता. मोठ्या टाकीतले अडीचशे लिटर पाणी दोन-तीन तास सहज निभावले असते. साठ लिटरलाच पंपाची निकड होती. पंप जोडायला दोन मिनिटे लागली असती. त्यानंतर मात्र पडवीत मोडा टाकून वीज येईपर्यंत दोन्ही टाक्यांकडे लक्ष ठेवत बसावे लागले असते. बाहेर पाऊस होता, डास होते, आम्हाला झोप येत होती. आम्ही मासा हलवला आणि जाऊन निजलो. सकाळी त्याच कृत्याला दया हे नाव दिले, आणि घरच्या मंडळींनी त्यावर शिक्कामोर्तब केले. तो पडवीत एकटा होता हे खरेच. पण तो एकटा होता, कारण त्याच्यापाशी बसायला आम्ही तयार नव्हतो. त्याचे एकटेपण संपवण्यासाठी आम्ही त्याला बाकीच्या पाचांत नेऊन सोडले, आणि त्या पाचांची परवानगी अर्थातच कोणी घेतली नव्हती.

आता ती बोंबिलांची विसंगती. आमचे एक शेजारी, सडेतोड बोलणारे गृहस्थ, म्हणाले, "पाच माशांसाठी सुतक पाळता आणि रविवारी डझनभर खाता. हे ढोंग नव्हे काय?" माशांना वेदना कळतच नाहीत असे म्हणून आम्ही सुटू शकलो असतो, पण तो आडोसा आता राहिलेला नाही. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउट माशांच्या तोंडाभोवती वेदनाग्राही मज्जातंतू असल्याचे दाखवले, आणि ओठांना दाहक द्रव्य टोचल्यावर ते मासे खाणे टाळतात, ओठ तळच्या खड्यांवर घासतात, हेही नोंदवले. ते वाचताना आम्हाला काचेवर तोंड घासणारा आमचा निळा मासा आठवला. तो आजाराने घासत होता की भांबावून, कोण सांगणार?

शेजाऱ्यांना आम्ही दिलेले उत्तर असे. जाळ्यात आलेला बोंबील शेवटच्या तासापर्यंत समुद्राचा होता. आम्ही त्याचा मृत्यू घेतला, जीवन घेतले नव्हते. टाकीतल्या माशाचे सारे जीवनच आम्ही घेतले होते: पाणी आमचे, अन्न आमचे, उजेड-अंधारही आमच्या बटणावर. ज्याचे जीवन घेतले त्याचे देणे अधिक. शेजाऱ्यांना हे पटले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही ते पुरते पटलेले नाही. पण त्याहून बरे उत्तर अजून सुचलेले नाही आणि बोंबीलही सुटलेले नाहीत.

मग मुळात टाकीच ठेवू नये, हा आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत भारी आहे. या छंदाच्या जन्मकथेतच त्याचे बीज आहे. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यामागे फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाची प्रेरणा होती. १८५४ मधल्या त्यांच्या पुस्तकाने अक्वेरियम हा शब्द घरोघर नेला. गॉस अत्यंत धर्मनिष्ठ होते. किनाऱ्यावरच्या खडकांतल्या डबक्यांत त्यांना ईश्वराची कारागिरी दिसे आणि ती इतरांनीही पाहावी, एवढाच त्यांचा हेतू होता. लोकांनी ती पाहिली आणि बरण्या भरभरून घरी नेली. त्यांचा मुलगा एडमंड याने १९०७ साली वडिलांवर लिहिलेल्या पुस्तकात, ती डबकी कशी उजाड झाली आणि ते पाहून वडिलांना किती क्लेश झाले, हे नोंदवून ठेवले आहे. प्रेमाने दाखवलेली वस्तू प्रेमानेच लुटली गेली. आजही बाजारात येणारे बहुतेक समुद्री शोभेचे मासे थेट प्रवाळांतूनच पकडलेले असतात. आपल्याकडे प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. निळ्या टँगसारख्या माशाला तेवढे भाग्य नाही. क्लाउनफिशची मात्र कैदेत पैदास होऊ शकते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने आपल्याच देशात त्याचे तंत्र बसवून दिले आहे. अशा पिलाने समुद्र कधी पाहिलेलाच नसतो. त्याच्या बाबतीत निदान हिरावून घेण्याचा दोष येत नाही, अशी आमची समजूत आहे. ती समजूत सोयीची आहे, हेही आम्हाला दिसते, आणि सोयीच्या समजुतींचा आमचा अनुभव वर आलाच आहे.

ते शहात्तर दिवस घरच्यांना फार लांबले. संध्याकाळी टाकीचा दिवा लागे. पाणी नितळ, दगड जांभळे, कोळंबी मिशा हलवीत फिरे. येणारा-जाणारा विचारी, "मासे कुठे गेले?" सुरुवातीला आम्ही म्हणायचो, टाकी विश्रांती घेते आहे. पुढे पुढे सरळ सांगू लागलो, की आमच्या चुकीने मेले. असे सांगितल्यावर लोक क्षणभर गप्प होतात आणि मग चहाकडे वळतात. नाताळाचा गोठा आम्ही त्या वेळी टाकीशेजारीच मांडला होता. एकुलता क्लाउनफिश तेव्हा मागच्या पडवीत होता. त्याचे औषध केव्हाच संपले होते; मोठ्या टाकीची मुदत तेवढी उरली होती. त्या साठ लिटरांजवळ आता स्वतःचा पंप होता आणि शेजारी एक मोडा.

तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या टाकीत परतला. मार्च उजाडल्यावर आम्ही त्याच्यासाठी पैदास केंद्रातून एक लहान जोडीदार आणला. त्याला पडवीत ठेवून आज एकोणीस दिवस झाले. रोज पहाटे, उजाडण्याच्या आधी, आम्ही विजेरी घेऊन तिथे जाऊन बसतो. तिरप्या उजेडात पर न् पर पाहतो, मिनिटाला कल्ला किती वेळा उघडतो ते घड्याळ लावून मोजतो आणि वहीत लिहितो. काल तो पहिल्यांदाच नळाच्या तुकड्यातून बाहेर येऊन उजेडाच्या दिशेने थोडा पुढे सरकला होता. आज आला नाही. कल्ल्याचे ठोके मात्र कालच्याइतकेच होते.